रायटरचं दुसरं टोक

बेलिसारियो तेनेसाका हा डोंगरातल्या कान्यार गावचा व्हिडिओवाला. गावात किंवा वरच्या वाड्यांवर लग्न असो, बाप्तिस्मा असो, जत्रा असो की मयत, बेलिसारियोचा कॅमेरा आल्याशिवाय ते नीट पार पडलं असं कुणी मानत नसे. वय अठ्ठावन्न, पाठीवर तिथल्या पुरुषांसारखी करडी वेणी, डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी. लोक त्याला मास्तर म्हणायचे. त्याला ते आवडायचं, जरा जास्तच आवडायचं.

त्याचं खरं गिऱ्हाईक मात्र गावात नव्हतंच. दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी न्यूयॉर्कला राबत होतं. कागदपत्रं नसलेली माणसं ती. एकदा गेली की आईबापाच्या मयतालाही येता यायचं नाही, कारण आलं तर परत जाणं नाही. मग इथलं सगळं तिकडे डिस्कवर जायचं. फोन आले होते, पण वाड्यांवर रेंज हवी तर टेकडी चढावी लागे, आणि चार तासांचं मयत फोनवरून पाठवायचं कसं? डिस्क पार्सलात बसते. उकडलेला मका आणि भाजलेला कुई, म्हणजे गिनीपिग, यांच्या मधे फडक्यात गुंडाळली की झालं.

त्या वर्षी त्याचा जुना कॉम्प्युटर धूर काढून मेला. न्यूयॉर्कमधल्या पुतण्यानं नवाकोरा लॅपटॉप पाठवला, चंदेरी, ताटलीसारखा पातळ. बेलिसारियोनं तो तीन वेळा उलटासुलटा करून पाहिला. डिस्क घालायची फट कुठे सापडेना. बायकोला, तार्खेलियाला, चष्मा लावून बघायला सांगितलं. तिलाही दिसली नाही. शेवटी पुतण्याला फोन लावला, तर तो पोट धरून हसला.

"काका, आता डिस्क कोण वापरतं?"

बेलिसारियोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याचे कान तापले होते. जे काम आपण छाती काढून करत आलो त्यावर कुणी तरी हसेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्याच आठवड्यात वरच्या वाडीतला म्हातारा रुपेर्तो मायान्सेला गेला. त्याची तिन्ही मुलं, रोसेंदो, देल्फिना आणि पोलिबियो, न्यूयॉर्कला. म्हातारी त्रांसितो एकटी मागे. बेलिसारियोनं सगळं टिपलं: घरातली दोन रात्रींची जागरणं, चर्चमधली प्रार्थना, स्मशान, आणि पाचव्या दिवशी नदीवर मयताचे कपडे धुतात तेही. खड्ड्याच्या कडेला उभी राहून त्रांसितो कॅमेऱ्याकडे बघत एकेका मुलाचं नाव घेऊन बोलली. मधेच बॅटरी संपली. बेलिसारियोनं बॅटरी बदलली आणि म्हणाला, काकू, जरा पहिल्यापासून घ्या. तिनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून घेतलं.

अठरा डिस्क हव्या होत्या. डिस्क काढायला, म्हणजे चित्रण डिस्कवर उतरवायला, रायटर हवा, आणि लॅपटॉपात तर रायटरच नाही. तेव्हा बाहेरून जोडायचा रायटर आणायला तो बसनं क्वेंका शहरात गेला.

दुकान मोठं होतं. काउंटरवर नुबे नावाची बाई होती, पस्तिशीची, बिब्लियान गावाकडची. तिनं त्याच्यापुढे दोन रायटर मांडले. एक काळा, विटेसारखा जड, भिंतीतल्या प्लगमधून स्वतःची वीज घेणारा. दुसरा चंदेरी, बोटभर जाडीचा, लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा. लॅपटॉपशेजारी ठेवला तर सख्ख्या भावासारखा दिसला असता.

"एका वेळी किती डिस्क काढायच्या असतात, काका?" तिनं विचारलं.

साधा प्रश्न. उत्तर होतं: अठरा, कधी चाळीस, जत्रेच्या वेळी शंभर. पण शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेला एक टायवाला गृहस्थ उभा होता आणि त्या 'काका'मुळे बेलिसारियोला पुतण्याचं हसू आठवलं.

"छे हो," तो म्हणाला. "घरचीच एखाद-दुसरी. आता डिस्क कोण वापरतं?"

मग हा छोटा चालेल, असं नुबे म्हणाली. तिनं त्याची वायर उलगडून दाखवली. वायरीला दोन टोकं होती. एका टोकातून सगळी माहिती जाते, दुसरं फक्त जास्तीची वीज ओढतं, तेव्हा दोन्ही लॅपटॉपलाच लावायची, एक लावून भागणार नाही. डिस्क सावकाश काढायची आणि काढल्यावर शेवटपर्यंत तपासायची, कारण वीज कमी पडली की डिस्क शेवटी शेवटी दगा देते. दोन्ही टोकं बोटांत धरून ती हे सांगत होती. आणि पुष्कळ डिस्क काढायच्या झाल्या तर मात्र...

"बाई," बेलिसारियोनं तिला तोडलं, "तुम्ही शाळेत पाटी धरत होतात ना, तेव्हापासून डिस्क काढतोय मी."

टायवाला हसला. नुबेनं एकदा बेलिसारियोकडे पाहिलं. घरच्या एखाद-दुसऱ्या डिस्कचा माणूस इतकी वर्षं डिस्क कशा काढतो, हे तिच्या मनात आलंच असणार. तिनं चंदेरी रायटर खोक्यात घालून दिला. पैशाची अडचण नव्हती, मोठाही त्याला परवडला असता. विटेसारखं ते काळं धूड हातात घेऊन त्या गृहस्थासमोरून जायची त्याला लाज वाटली, एवढंच.

घरी आल्यावर कळलं की लॅपटॉपला वायर लावायला दोनच भोकं आहेत. एकात माऊस होता. बोटानं लॅपटॉपच्या पाटीवर बाण हलवणं काही त्याला जमत नव्हतं, माऊस हवाच. मग रायटरचं एक टोक लावलं, दुसरं टेबलाच्या कडेवरून लोंबत राहिलं. रायटर गुरगुरला, दिवा लागला, चालतंय की. डिस्क काढून झाली की तपासायची का, असं कॉम्प्युटर विचारायचा. तपासायला आणखी तेवढाच वेळ. शनिवारी दुपारी पार्सलचं ऑफिस बंद होणार. प्रत्येक वेळी त्यानं 'नाही' दाबलं. पहिली डिस्क टीव्हीवर लावून पाच मिनिटं पाहिली. चित्र आरशासारखं. अठरा डिस्क झाल्या, बारा पार्सलात गेल्या, सहा वाडीवर पोचल्या.

लगेच रविवारी एक लग्न होतं. कॅमेऱ्याची कार्डं त्यात वापरली. लग्न लॅपटॉपात घेताना जागा नाही म्हणून सूचना आली, तेव्हा त्यानं रुपेर्तोचं मयत पुसलं. डिस्क तर निघाल्याच होत्या.

दहा दिवसांनी त्रांसितो दुधाच्या गाडीतून खाली उतरून त्याच्या दारात आली. तिकडे तिन्ही मुलं कामावरून सुटी काढून, नातेवाईक जमवून, मेणबत्ती लावून टीव्हीपुढे बसली होती. चर्चमधून पेटी बाहेर काढली त्या पायऱ्यांपर्यंत सगळं नीट दिसलं. मग चित्र थिजलं. दुसरी डिस्क लावली, तीही तिथेच. बाराच्या बारा. रोसेंदोनं फोनवर आईला विचारलं होतं, पुढे काय झालं. आता फोनवर काय सांगू, म्हणून ती आली होती.

बेलिसारियोनं तिच्यासमोर वाडीवरच्या सहा डिस्क एकामागून एक लावल्या. प्रत्येकीत पेटी खांद्यावर, पुढच्या माणसाचा एक पाय पायरीवर उचललेला, आणि बस्स. तो पाय खाली येतच नव्हता. पुढचं स्मशान, तिचं बोलणं, नदी, काही नाही.

त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मशीन खराब दिलंय काकू त्यांनी. दुकानवाल्यांनी फसवलं."

हे बोलताना ते खोटं आहे असं त्याला पुरतं ठाऊक नव्हतं. संशय होता. पण त्रांसितोनं शाल सावरली आणि ती म्हणाली, चला मग, जाऊ. तिच्या येण्याचा हिशेब त्यानं धरला नव्हता. नको म्हणायला कारणही सापडेना.

दुकानात गर्दी होती. मालक, ज्यांना सगळे इंजिनिअरसाहेब म्हणत, आतल्या टेबलाशी बसले होते. बेलिसारियोनं रायटर काउंटरवर ठेवला, आणि म्हातारी शेजारी उभी असल्यामुळे त्याचा आवाज हवा त्याहून मोठा निघाला. मयताच्या डिस्क वाया गेल्या, बाईनं खराब माल गळ्यात मारला, असं तो म्हणाला. इंजिनिअरसाहेब उठून आले. नुबेनं विचारलं, काका, दोन्ही टोकं लावली होती ना? मी तुम्हाला सांगितलं होतं.

"सांगितलं होतं का हिनं, मास्तर?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

त्या क्षणी त्याला सगळं लख्ख आठवलं. तिची बोटं, बोटांतली दोन टोकं, घरच्या टेबलावरून लोंबणारी वायर, माऊस. सगळी गर्दी त्याच्याकडे बघत होती. त्रांसितो बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं, साहेब," नुबे म्हणाली. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाली, हळू आवाजात. दुसऱ्यांदा बोलताना ती मालकाकडे नाही, बेलिसारियोकडे बघत होती. तो खोक्याकडे बघत होता.

मग त्रांसितो पुढे झाली. ती कधी कुणावर ओरडायची नाही, आताही ओरडली नाही.

"पोरी, माझ्या मुलांना बापाला माती दिलेली दिसली नाही. तुलाही तुझ्या बापाची दिसू नये, असं मी म्हणणार नाही. पण एवढं लक्षात ठेव."

नुबेचा चेहरा पांढराफटक पडला. इंजिनिअरसाहेबांनी म्हातारीची माफी मागितली, तसाच नवा रायटर काढून दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नुबेला सांगितलं की उद्यापासून तू मागे गोदामात बस, गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तुझं नाही.

परतीच्या बसमध्ये त्रांसितोनं शालीखालच्या गाठोड्यातून उकडलेलं अंडं काढून सोलून त्याच्या हातावर ठेवलं. मास्तर, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, ती म्हणाली. त्यानं ते अंडं खाल्लं. न खाण्याला काय कारण सांगणार?

घरी आल्यावर त्यानं नवा रायटर जोडला. आता माऊस काढला आणि दोन्ही टोकं लावली. लग्नाची एक डिस्क काढली आणि टीव्हीपुढे बसून शेवटच्या नाचापर्यंत पाहिली. कुठेही अडली नाही. मग एकच टोक लावून दुसरी काढली. ती केक कापताना थिजली. तार्खेलिया दारात वाटाणे सोलत बसली होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं.

"म्हणजे त्या बाईनं सांगितलं नव्हतं होय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग तिथं?"

"तिथं नाही म्हणालो."

तार्खेलियानं वाटाण्यांची परात उचलली आणि ती आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्रांसितोनं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर एक पोतं बटाटे आणि ताजं चीज पाठवलं, मास्तरांनी माझी बाजू घेतली म्हणून. तार्खेलियानं पोतं दारातच ठेवलं.

"हे मी शिजवणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला खायचं तर तुम्ही शिजवा."

पोतं आठवडाभर दाराशी पडून राहिलं. जाता-येता त्याला वळसा घालावा लागे. ओळखीचं कुणी भेटलं की बेलिसारियोला वाटे, याला ठाऊक आहे. तसं ते तार्खेलियाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट त्रांसितोनं वाडीभर सांगितलं होतं की मास्तर क्वेंकाच्या दुकानदाराला कसे नडले. बाजारात एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, असंच पाहिजे यांना, म्हणाला. ती थाप दिवसभर पाठीवर जळत राहिली. पुतण्या हसला तेव्हा कान तापले होते. ती लाज आणि ही लाज यांची जातच वेगळी होती. ती बाहेरून आली होती आणि चार दिवसांत गेली असती. ही आतून यायची, आणि जेवताना, कॅमेरा पुसताना, टोपी घालताना यायची.

पोतं आल्याच्या आठव्या दिवशी त्यानं रायटर, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याची कार्डं पिशवीत भरली आणि तो एकटा क्वेंकाला गेला. दुकानासमोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा राहिला. आत शिरल्यावर तो थेट इंजिनिअरसाहेबांच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, मी त्या दिवशी खोटं बोललो, तुमच्या बाईनं मला दोन्ही टोकांचं सांगितलं होतं. गर्दी त्या दिवसापेक्षा कमी होती. त्याला वाटलं, जेवढी माणसं तेव्हा होती तेवढीच आता असायला हवी होती.

इंजिनिअरसाहेब अवघडले. झालं गेलं मास्तर, असं काहीसं पुटपुटले आणि गोदामाचं दार दाखवलं.

नुबे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. त्यानं टोपी काढली आणि जे बाहेर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. तिनं हातातली चिठ्ठी नीट चिकटवली.

"तुम्हाला तेव्हाच आठवलं होतं," ती म्हणाली. "मला दिसलं ते. माझ्याकडे बघेचनात तुम्ही."

"हो."

"एकंदर डिस्क किती होत्या?"

"अठरा."

"मला अठरा सांगितलं असतंत, तर तो काळा दिला असता. हा प्रश्नच आला नसता. का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कसली?"

"डिस्कचीच," तो म्हणाला. "आता कुणी वापरत नाही म्हणतात."

नुबेनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आठवड्याला वीस माणसं येतात इथं रायटर न्यायला. चर्चवाले येतात, बँडवाले येतात, मास्तरणी येतात. लाजणारे तुम्ही पहिलेच."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यानंही विचारलं नाही. कार्डं मात्र तिनं मागून घेतली. गोदामातल्या कॉम्प्युटरवर ती तीन तास खपली, पुसलेलं काही निघतं का बघत. लग्नाच्या वरातीखाली रुपेर्तोचं स्मशान गाडलं गेलं होतं. लॅपटॉपमधूनही काही हाती लागलं नाही. शेवटी तिनं मान हलवली आणि कार्डं त्याच्या हातात दिली. मग उठून काळा रायटर आणला. त्यानं चंदेरी परत केला, वरचे पैसे भरले आणि ते धूड पिशवीत न घालता काखेत मारून तो बाहेर पडला.

जाताना तिनं एवढंच विचारलं, "त्या आजींना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आधी इकडे कशाला आलात?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. इथे येणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वाडीवर चढला. त्रांसितो अंगणात चातीवर लोकर कातत बसली होती. त्याला बघून उठायला लागली, बसायला पाट आणू का म्हणाली. तो उभाच राहिला. बाई निर्दोष होती, मशीन निर्दोष होतं, चूक माझी होती, हे मला दुकानात उभं असतानाच माहीत होतं आणि तुमच्या देखत मी खोटं बोललो. आणि मूळ चित्रंही मीच पुसली, ती आता कधीच मिळणार नाहीत. एका दमात सांगितलं. मधे थांबलो तर पुढचं तोंडातून येणार नाही, अशी भीती त्याला होती.

चाती फिरायची थांबली नाही. धागा लांब होत गेला, तिनं तो गुंडाळला, पुन्हा सोडला. कोंबडी येऊन त्याच्या बुटाशी चोच मारून गेली.

"म्हणजे त्या पोरीला मी तिच्या बापावरून बोलले, ते फुकटच," ती म्हणाली.

"हो, काकू."

"आणि तू उभा होतास."

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

"मी अंडं सोलून दिलं तुला," ती म्हणाली, जणू तेच सगळ्यांत नवलाचं होतं.  मग चाती बाजूला ठेवून तिनं सांगितलं की दोन गोष्टी करायच्या. एक, मला परत क्वेंकाला त्या पोरीकडे न्यायचं. दोन, कॅमेरा घेऊन यायचं.

पहिली गोष्ट गुरुवारी झाली. त्रांसितोनं दोन कुई भाजून केळीच्या पानात बांधून घेतले होते. गोदामात शिरल्यावर तिनं बेलिसारियोला दाराबाहेर थांबायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते त्याला कधीच कळलं नाही. बाहेर आल्यावर दोघींचे डोळे लाल होते, आणि त्या एकमेकींना गावचं, बिब्लियानच्या देवीच्या जत्रेचं काही तरी सांगत होत्या. नुबेला मालकानं काउंटरवर परत बोलावलं होतं. तिनं नको म्हणून सांगितलं, आणि महिन्याभरात ती दुसऱ्या दुकानात गेली, असं पुढे बेलिसारियोच्या कानावर आलं.

दुसरी गोष्ट रविवारी झाली. त्रांसितो स्मशानात आली नाही. पुन्हा तिथे उभं करू नकोस, म्हणाली. ती अंगणातच खुर्चीवर बसली, नवऱ्याची टोपी मांडीवर घेऊन. बेलिसारियोनं दोन बॅटऱ्या भरून आणल्या होत्या. या वेळी तिला कुठे बघायचं, कधी थांबायचं, काही सांगितलं नाही.

ती रडली नाही. रोसेंदोला सांगितलं की वरच्या शेतात बटाटे लावलेत, पाण्याचा वाटा शेजाऱ्यानं सोडलाय. देल्फिनाला सांगितलं की बापानं शेवटच्या दिवशी सूप मागितलं, अर्धी वाटी प्यायला. पोलिबियोला सांगितलं की ही टोपी तुझी, येशील तेव्हा, नाही आलास तर पाठवते. मग ती थोडी थांबली आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून वर, बेलिसारियोच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली:

"तुमच्या बापाची माती आणि नदीवरचं धुणं या बेलिसारियोनं पुसलं. चुकून पुसलं. त्याचा दोष एका दुकानातल्या बाईवर घातला, तो मात्र चुकून नाही. मीही तिला नको ते बोलले. नंतर हा चालत वर आला आणि स्वतःच्या तोंडानं सांगून गेला. आता समोर उभा आहे. तुम्हाला राग आला तर येऊ द्या. मलाही आलाय."

कॅमेरा हलला. नंतर चित्रातही तो हलल्याचं दिसायचं.

घरी त्यानं ते लॅपटॉपात घेतलं. चर्चच्या पायऱ्यांपर्यंतचं जुन्या डिस्कवरून काढता आलं होतं, त्याला हे जोडलं. जोडताना तो त्या वाक्यांपाशी येऊन थांबला. एवढी सात-आठ वाक्यं काढली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. टोपीचं बोलून झाल्यावर म्हातारी थांबते, तिथे सफाईनं कापता आलं असतं. असं काम त्यानं हजार वेळा केलं होतं, शिंकणारा पाद्री कापला होता, भांडणारे व्याही कापले होते. तार्खेलिया मागे येऊन उभी राहिली होती. ती गेली नाही.

त्यानं ते तसंच ठेवलं.

काळा रायटर भिंतीत लावला आणि अठरा डिस्क सावकाश काढल्या. कॉम्प्युटरच्या तपासणीवर आता त्याचा भरवसा नव्हता. प्रत्येक डिस्क त्यानं टीव्हीवर लावून शेवटपर्यंत स्वतः पाहिली. चार दिवस लागले. म्हणजे ती वाक्यंही त्यानं अठरा वेळा ऐकली. त्याला वाटलं होतं, पाच-सहा वेळा ऐकली की कानाला सवय होईल. झाली नाही. दर वेळी 'तो मात्र चुकून नाही' हे शब्द आले की तो उठून खिडकीशी जायचा आणि पाठ करून उभा राहायचा, खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. एकोणिसावी डिस्क त्रांसितोच्या सांगण्यावरून नुबेला गेली.

वाडीवर ती डिस्क घरोघरी लागली. पाठीवर थाप मारणाऱ्यानं बाजारात बेलिसारियोला बघून नजर वळवली. काहींनी त्याला शूटिंगला बोलावणं सोडलं, काहींनी नाही. मास्तर म्हणणं मात्र कुणी थांबवलं नाही, आणि आता तो शब्द ऐकला की त्याला दर वेळी क्षणभर थांबावं लागायचं.

तिसऱ्या आठवड्यात रोसेंदोचा फोन आला. बेलिसारियो फोन धरून अंगणात आला. रोसेंदो म्हणाला, डिस्क मिळाली, सगळे जमून बघितली, शेवटपर्यंत चालली. आईनं सांगितलेल्या गोष्टीबद्दल तो काही बोलला नाही. बेलिसारियो वाट बघत राहिला.

"आई बारीक झालीय," रोसेंदो म्हणाला.

"हो. जरा झालीय."

पलीकडून मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"मास्तर, ते नदीवरचं काहीच राहिलं नाही का? अण्णांचा लाल पोंचो धुतला असेल ना, तो कुणी धुतला, तेवढंच बघायचं होतं."

"नाही राहिलं, रोसेंदो," बेलिसारियो म्हणाला. "तुझ्या आईनं धुतला. पाणी फार गार होतं. दोघी बायका दुसरं टोक धरून पिळत होत्या, त्यांची नावं मला माहीत आहेत, सांगू?"

"सांगा," रोसेंदो म्हणाला.

त्यानं नावं सांगितली. मग नदीच्या कुठल्या दगडावर कपडे वाळत घातले ते सांगितलं, आणि ऊन किती वाजता आलं, आणि पोंचोचा रंग पाण्यात कसा सुटत होता. जेवढं डोळ्यांनी पाहिलेलं आठवत होतं तेवढंच. जे आठवत नव्हतं तिथे, आठवत नाही म्हणाला. रोसेंदो ऐकत होता. मधे एकदा त्यानं विचारलं, मग? आणि बेलिसारियो पुढचं आठवायला लागला.